फुलाफुलांचे पुरुष

१ जुलै १६६१ रोजी लंडनच्या सॅम्युअल पीप्सनं दोन मोठ्या खरेद्या केल्या आणि रोजनिशीत त्यांच्या किमती टिपून ठेवल्या. खोलीसाठी खणांचं कपाट, ३३ शिलिंग. स्वतःसाठी ‘भारतीय झगा’, ३४ शिलिंग. पीप्स आरमार खात्यातला, हळूहळू वर चढणारा अधिकारी होता. पैशाच्या बाबतीत काटेकोर. तरीही अंगावरच्या झग्याला त्यानं लाकडी कपाटाहून जास्त मोजले. १६६६ मध्ये हेल्स या चित्रकारासमोर बसतानाही त्याच्या अंगात भारतीय झगाच होता, तो मात्र भाड्यानं आणलेला. चित्रात तो रेशमी दिसतो. भारतातलं रंगीत सुती कापड, म्हणजे चीट, पीप्सनं घेतल्याची नोंद १६६३ ची आहे. ते आलं बायकोच्या अभ्यासिकेच्या भिंतींना लावायला.

बायको, भिंती, पलंगपोस, पडदे. चिटाचा इतिहास पुढं याच वाटेनं लिहिला गेला. आपल्याकडेही कलमकारी म्हटलं की साडी, ओढणी किंवा दिवाणखान्यातलं कृष्णाचं चित्र आठवतं. पुरुष या कथेत येतो तो चितारी, व्यापारी, दलाल म्हणून. अंगात घालणारा म्हणून क्वचितच. खरं तर सतराव्या-अठराव्या शतकात दख्खनच्या दरबारापासून अयुथ्याच्या राजवाड्यापर्यंत आणि ॲमस्टरडॅमच्या सावकारापासून तंजावरच्या भोसल्यांपर्यंत पुरुषांनी हे कापड मिरवलं. या कापडाचा मान कशात होता आणि तो कसा गेला, हे मला बायकांच्या घागऱ्यांपेक्षा पुरुषांच्या जाम्यांत, बंड्यांत आणि झग्यांत जास्त स्वच्छ दिसतं. म्हणून हा आढावा तेवढ्यापुरता.

आधी कापड. जगभरच्या लोकांना त्याचं वेड लागलं ते नुसत्या फुलांमुळं नव्हे. सुती धाग्याला रंग सहज धरत नाही. धरलाच तर धुण्यात जातो. भारतीय रंगाऱ्यांनी ही अडचण फार पूर्वी सोडवली होती. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो मंजिष्ठेच्या जातीच्या लाल रंगात रंगवलेला होता. कोरोमंडल किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, ही विद्या चित्रकलेला जाऊन मिळाली. कोरं कापड हिरड्याच्या काढ्यात आणि म्हशीच्या दुधात बुडवून सुकवायचं. दुधातल्या स्निग्धतेमुळं रेघ फुटत नाही. भोकं पाडलेल्या चरब्यावरून कोळशाची पूड आपटून नक्षी उतरवायची. मग बांबूच्या काडीला केस किंवा लोकर गुंडाळून केलेल्या कलमानं रेघा ओढायच्या. काळ्या रेघेसाठी गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी. लाल हवं तिथं तुरटीचं पाणी. तुरटीच्या पाण्याला रंग नसतो, त्यामुळं चितारी जे काढतो ते त्याला दिसतच नाही. रेघ दिसावी म्हणून त्यात थोडा कच्चा रंग मिसळत. कापड चाय नावाच्या रोपाच्या मुळांबरोबर उकळलं की तुरटी लागलेला प्रत्येक भाग लाल होऊन वर येतो, बाकीचा भाग शेण, पाणी आणि ऊन यांच्या मदतीनं पुन्हा पांढरा करायचा. (या चायचा पिण्याच्या चहाशी काही संबंध नाही. कृष्णेच्या मुखाजवळच्या, चुनखडीयुक्त वाळूतल्या चायमुळांचा लाल रंग सर्वांत तेज मानला जाई.) निळा हवा तिथला भाग सोडून सगळं कापड मेणानं झाकायचं आणि निळीच्या कुंडात बुडवायचं. हिरवं हवं तर निळ्यावर पिवळं. हा पिवळा तेवढा कच्चा, म्हणून जुन्या चिटांवरची पानं आज निळी दिसतात. शेवटी खळ, कुंदी आणि घोटाई.

ही सगळी कृती युरोपियनांनी बारकाईनं लिहून नेली. १७३४ च्या सुमाराला पाँडिचेरीत बोल्यू नावाच्या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्यानं चिताऱ्याजवळ बसून प्रत्येक टप्प्याच्या कापडाचा तुकडा कापून घेतला. ते तुकडे पॅरिसमध्ये आजही जपलेले आहेत. १७४२ मध्ये कर्दू या जेझुइट पाद्र्यानं हीच माहिती पत्रातून कळवली, तीही आपल्याच पंथात आलेल्या रंगाऱ्यांकडून काढून घेतलेली. १७९५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गनं चायच्या रोपाचं चित्र आणि वर्णन छापलं. उद्योगातली हेरगिरी म्हणजे काय, हे शिकवायला या तीन कागदांइतकं चांगलं उदाहरण नाही. अभ्यासकांवर मात्र त्यांचे उपकार आहेत, कारण रंगाऱ्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही.

हातानं काढलेलं आणि ठशानं छापलेलं यांत गल्लत फार होते. संग्रहालयांच्या जुन्या पाट्यांवरही ती आढळते. ठसा ठरावीक अंतरावर तीच चूक पुन्हा करतो. कलमाची रेघ सुरुवातीला जाड, शेवटी बारीक होत जाते आणि दोन फुलं कधी तंतोतंत सारखी नसतात. लाल पाकळीच्या आत केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर त्या मेणानं राखलेल्या असतात, आणि तेवढी बारीक रेघ ठशाला जमत नाही. कपड्याच्या बाबतीत आणखी एक खूण असते. कापड शिवण्याआधी रंगवलं की आधी बेतलं, हे फुलांच्या मांडणीवरून कळतं. बाहीच्या टोकाला वेल पुरी होत असेल, शिवणीवर फूल कापलं गेलं नसेल, तर चिताऱ्यानं तो कपडा मनाशी शिवूनच काढलेला असतो.

भारतातला पुरुषी कपडा म्हणजे मुख्यतः जामा आणि पटका, म्हणजे कमरेला बांधायचा शेला. जाम्याला वर अंगाला घट्ट बसणारी बंडी, बगलेशी बंद, कमरेखाली चुण्या असलेला घेर. मोगल अमलात मुसलमानांनी उजव्या बाजूला आणि हिंदूंनी डाव्या बाजूला बंद बांधायचे, असा रिवाज रूढ झाला. म्हणून लघुचित्रातला माणूस कोण हे ठरवायला अभ्यासक आधी त्याची बगल बघतात. अकबराच्या काळात घेराला चार टोकं लोंबत. सतराव्या शतकात घेर पोटरीपर्यंत आला. अठराव्यात तो घोट्यापर्यंत उतरला आणि चुण्यांची तर दाटीच झाली. जहांगीर-शाहजहानच्या काळात एका रोपाचं एक फूल, तेही मोकळ्या जमिनीवर, ही नक्षी इमारतींपासून पोथ्यांच्या हाशियांपर्यंत सगळीकडे पसरली, आणि ती चिटावर फार शोभली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दख्खनचा मानला जाणारा एक जामा आहे. त्यावर खसखशीची फुलं हातानं रंगवली आहेत आणि सोन्या-चांदीचा वरख लावला आहे. पटक्याचं तंत्र याच्या उलट. मधला सगळा पट्टा साधा किंवा बारीक बुट्ट्यांचा, आणि पोटावरून खाली सुटणाऱ्या दोन टोकांवर फुलांच्या ओळी. जे दिसणार तेवढंच रंगवायचं, हा हिशोब.

वरखाची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पक्क्या रंगाचं कापड म्हणून चिटाची कीर्ती, पण वरख डिंकानं चिकटवलेला. धुतला की गेला. म्हणजे असा जामा घालणाऱ्याला तो धुवायचाच नव्हता. दरबारात मोजक्या वेळा घालायचा, नंतर कुणाला तरी देऊन टाकायचा. परदेशी गिऱ्हाईक जिथं चीट धुतलं तरी फुलं जात नाहीत म्हणून हरखून जात होतं, तिथं इथला अमीर त्याच कापडावर धुण्याला न टिकणारं सोनं चढवून आपली ऐपत दाखवत होता. एकाच मालाची ही दोन टोकं.

जामे आणि पटके यांच्यासाठी दोन ठिकाणांची नावं पुन्हा पुन्हा येतात, मच्छलीपट्टण आणि बऱ्हाणपूर. मच्छलीपट्टण, जुन्या मराठी बोलण्यातलं मछलीबंदर, हे गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं बंदर. डच तिथं सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच आले, इंग्रज १६११ मध्ये. गोवळकोंड्याच्या काळातला सात भागांचा एक मोठा पडदा ब्रुकलिन संग्रहालयात आहे. त्याच्या प्रत्येक भागात वेगवेगळ्या मुलखांतली माणसं काढली आहेत, आणि पुरुषांच्या कपड्यांचा तो एक रंगीत कोशच आहे. कोणाचा पायघोळ जामा, कोणाची युरोपी टोपी, कोणाचा नुसताच गुंडाळा. चितारी स्वतःच्याच कापडावर कापडं नोंदवत बसला होता असं वाटतं.

बऱ्हाणपूर तर खानदेशचंच, आज मध्य प्रदेशात असलं तरी. अकबरानं १६०१ मध्ये खानदेश घेतल्यावर मोगलांचा दख्खनचा कारभार इथूनच चाले. सतराव्या शतकात तिथून गेलेला फ्रेंच प्रवासी तावेर्निये लिहितो की इथलं तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, आणि त्यातलं काही रंगीत, फुलांचं असतं. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आलं. म्हणून मराठ्यांनी या रंगीत जाम्यांचं काय केलं, हा प्रश्न आपल्या अगदी दाराशी येऊन थांबतो. उत्तर काहीसं निराश करणारं आहे. पेशवाईतल्या चित्रांत मोठी माणसं पांढऱ्या जाम्यात किंवा अंगरख्यात दिसतात. रंग आणि जर राहते ती पागोट्याला, शेल्याला. चीट बहुधा बायकांच्या कपड्यांत, अस्तरांत आणि रजयांत गेलं. भावसार आणि रंगारी मंडळींचा धंदा गावोगाव चालूच होता, पण तो ठशांचा आणि आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढलेल्या लाल रंगाचा. कलमाचं काम हे पुण्याच्या आवडीचं कधी झालं नाही.

मग मूळचे कपडे उरले किती? फार थोडे. औरंगजेबाच्या छावणीत तंबूंना आतून मच्छलीपट्टणच्या हातानं रंगवलेल्या चिटाचं अस्तर असे, असं फ्रेंच प्रवासी बर्निये सांगतो. टिपू सुलतानचा चिटाचा तंबू आज वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात आहे, आणि तो बऱ्हाणपूरचा मानला जातो. तंबू, पडदे, जाजमं टिकली कारण ती घडी करून कोठीत राहिली. राजस्थानातल्या अंबरच्या तोशाखान्यातल्या, म्हणजे दरबारी कोठीतल्या, कापडांवर तर ती कधी आली, काय किमतीची होती, याच्या नोंदीसुद्धा सापडतात. अंगावरच्या कपड्यांचं तसं नाही. ते घामानं विरले, उतरले की नोकराचाकरांना गेले, फाटले की गोधडीत गेले. त्यामुळं आज आपण जे बघतो ते मुख्यतः परदेशांसाठी केलेलं आणि परदेशांत जपलेलं. अहमदाबादचं कॅलिको संग्रहालय १९४९ मध्ये निघालं आणि जॉन अर्विनसारख्या अभ्यासकांनी तिथल्या व लंडनच्या संग्रहांवर मोठं काम केलं. तरीही भारतीय पुरुषाच्या अंगावरच्या चिटाचा इतिहास आपण चित्रांवरूनच जास्त वाचतो. चित्रकार कापड खरं काढतो की मनाचं, ही शंका मग सोबतीला राहतेच.

पुण्यात जे घडलं नाही ते तंजावरच्या मराठ्यांनी केलं. कुंभकोणमजवळ, कोल्लिडम नदीच्या काठी, कोडालिकरुप्पूर नावाचं खेडं आहे. तिथं भोसले घराण्यासाठी एक कापड होई, त्याला दुसरीकडे जोड नाही. आधी तलम सुतात जामदानीच्या पद्धतीनं जर भरून विणायचं. मग त्या विणलेल्या कापडावर मेणानं हातानं नक्षी राखून ते लाल, काळपट, तपकिरी रंगांत बुडवायचं. रंग सुतावर चढतो. जर रंगाखालून, नक्षीच्या मधूनमधून लकाकते. विणकर आणि चितारी यांनी आधी एकमेकांशी ठरवून घेतल्याशिवाय हे कापड होऊच शकत नाही, कारण विणकराची जर जिथं येते तिथंच चिताऱ्याला नक्षी बसवावी लागते. करुप्पूरच्या साड्या प्रसिद्ध आहेत. बडोदा, कोल्हापूर, सातारा इथल्या राजघराण्यांतही त्या लग्नकार्यात वापरल्या जात. पण त्याच मागांवर पुरुषांची धोतरं आणि पागोट्यांची कापडंही होत होती, आणि ती साड्यांहून दुर्मिळ आहेत. पागोट्याच्या कापडात तर गंमत अशी की अनेक हात लांबीपैकी थोडाच भाग डोक्यावर दिसायचा. बाकीची सगळी मेहनत घडीत दडायची.

हे कापड दरबारासाठीच होतं, बाजारात मिळत नव्हतं. सरफोजी दुसरे यांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ मध्ये, तंजावरची सत्ता किल्ल्यापुरती उरली होती, पण ग्रंथ, संगीत, वैद्यक यांच्यावरचा खर्च थांबला नव्हता. १८५५ मध्ये शिवाजी दुसरे वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीनं राज्य खालसा केलं. गिऱ्हाईक एकच असलेला धंदा गिऱ्हाईक गेल्यावर किती दिवस चालणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला करुप्पूरचं काम जवळजवळ संपलं होतं. मराठी वाचकाला पैठणीबद्दल जेवढं माहीत असतं त्याच्या दशांशही करुप्पूरबद्दल नसतं, याचं मला नवल वाटत आलं आहे.

पूर्वेकडे मात्र पुरुषच या कापडाचा मोठा गिऱ्हाईक होता. सयामच्या अयुथ्या दरबारानं आपल्या नक्षीचे नमुने कोरोमंडलला पाठवून कापड करून घेतलं. जाळीच्या चौकटींत हात जोडलेल्या देवता, काठाला ज्वाळांच्या ओळी, गडद लाल किंवा निळी जमीन. कमरेला गुंडाळायच्या या कापडांवरून दरबारी माणसाचा दर्जा ओळखला जाई. कोणत्या हुद्द्याला कोणतं कापड, हे राजा ठरवी. त्याहून मला आवडतो तो तिथल्या शिपायांचा ‘सेनाकुट’ सदरा. मिरवणुकीत घालायचा हा आखूड सदरा भारतीय सुती कापडाचा, आणि छातीवर आ वासलेल्या सिंहाचं तोंड. म्हणजे फुलांच्या देशातल्या चिताऱ्यांनी परदेशच्या सैनिकाच्या छातीवर सिंह काढून दिला, तोही तिथल्या शैलीत, तिथल्या डोळ्यांना खरा वाटेल असा. भारतीय रंगाऱ्याला स्वतःची शैली होती की गिऱ्हाइकाची, हा वाद जुना आहे. सयामचे सदरे बघितले की वाटतं, त्याची शैली रंगात होती. आकार तो कोणाचाही घेत होता.

जपानमध्ये हे कापड डचांच्या जहाजांतून नागासाकीला उतरे. तिथं ते इतकं महाग की तुकड्यातुकड्यांनी वापरलं जाई. चहाच्या भांड्यांच्या पिशव्या, तंबाखूचे बटवे, किमोनोच्या आतले कपडे, सामुराईच्या बिनबाह्यांच्या लढाऊ अंगरख्याचं अस्तर. बाहेरून साधं आणि आतून भारतीय फुलं, ही तऱ्हा तिथल्या श्रीमंतीवरच्या निर्बंधांना फार सोयीची होती. हिकोनेच्या ई घराण्यानं असे सुमारे ४५० तुकडे वह्यांत चिकटवून जपले. ते आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. १७७८ मध्ये तर या नक्ष्यांचं मार्गदर्शक पुस्तकही जपानीत छापलं गेलं. इराणी पुरुषांच्या लांब कोटांनाही आतून मच्छलीपट्टणच्या चिटाचं अस्तर असे, आणि हा इराणी बाजार युरोपचा बाजार बुडाल्यावरही बराच काळ त्या किनाऱ्याला जगवत राहिला.

आता पीप्सकडे. युरोपातला हा झगा जन्मला जपानच्या शोगुनकडून. दरवर्षी भेटीला जाणाऱ्या डच वकिलांना शोगुन कापूस-रेशीम भरलेले किमोनो देई. ते हॉलंडला गेले, तिथं मोठ्या माणसांना त्यांची हाव सुटली, आणि येतील तेवढ्यांनी भागेना तेव्हा डच कंपनीनं तसेच झगे भारतात करवून घेतले, काही रेशमाचे, काही कोरोमंडलच्या चिटाचे. डच लोक त्याला जपानी झगा म्हणत, इंग्रज भारतीय झगा किंवा बनियन. वर्मीरच्या १६६८ च्या ‘खगोलशास्त्रज्ञा’च्या आणि १६६९ च्या ‘भूगोलज्ञा’च्या अंगात याच घाटाचा झगा आहे. घरात, केसांचा टोप काढून ठेवलेल्या मुंडण केलेल्या डोक्यावर मऊ टोपी घालून, झग्यात बसलेला माणूस म्हणजे विचार करणारा माणूस, अशी ही प्रतिमा शंभर वर्षं टिकली. अमेरिकेत बेंजामिन रश या वैद्यानं तर सैल कपड्यांत बुद्धी मोकळी चालते असं प्रतिपादन केलं. आखडलेल्या कोटांतून सुटका मिळालेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे.

टवाळीही झाली. १६७० मधल्या मोलिएरच्या नाटकात नवश्रीमंत जुर्दँसाहेब सकाळीच भारतीय चिटाचा झगा घालून लोकांना दाखवत फिरतात, कारण शिंप्यानं त्यांना सांगितलेलं असतं की बड्या घरचे लोक सकाळी असाच घालतात. प्रेक्षक हसतो तो झग्याला नव्हे. मिरवणाऱ्याला हसतो. झगा खरोखरच बड्या घरचा होता म्हणून तर विनोद जमतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि टोरंटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयात अठराव्या शतकातल्या चिटाचे जे पुरुषी कपडे आहेत, त्यांत शिलाईचं शहाणपण पाहण्यासारखं असतं. काही झगे सरळ, किमोनोसारखे, बाही अंगापासूनच निघालेली. काही कोटासारखे बेतलेले, गुंड्यांचे. काहींना आत बंडीचे दोन पुढचे भाग शिवून टाकलेले, म्हणजे दोन कपडे घातल्याचा देखावा आणि एकाच कपड्याची मेहनत. अस्तर दुसऱ्या चिटाचं. म्हणजे बाही दुमडली की वेगळी फुलं. १६४३ मध्येच लंडनच्या कंपनीनं सुरतेला लिहिलं होतं की रजयांना गडद लाल जमीन नको, पांढरी जमीन आणि तिच्यावर रंगीत फुलं पाठवा. पांढऱ्या जमिनीवरची ही मोठी, वळणदार फुलझाडं आज आपल्याला अगदी भारतीय वाटतात. त्यांत भारतीय, इराणी, चिनी आणि इंग्रजी भरतकामाचा गोतावळा इतका मिसळलेला आहे की सोडवत बसण्यात अर्थ नाही.

मग बंदी आली. फ्रान्सनं १६८६ मध्ये रंगीत-छापील सुती कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत राहिली. इंग्लंडनं १७०० च्या कायद्यानं भारतातून येणारं रंगीत सुती कापड देशात विकायला मना केलं. फक्त पुढं दुसऱ्या देशांत पाठवायची मुभा ठेवली. १७२१ च्या कायद्यानं वापरावरही बंदी आली आणि ती १७७४ पर्यंत चालली. कारणं सरळ होती. लोकर आणि रेशीम विणणारे बेकार होत होते. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या विणकरांनी रस्त्यात चिटाचे कपडे घातलेल्या बायकांवर हल्ले केले, त्यांचे कपडे फाडले. डॅनियल डिफोनं त्याआधीच कुरकूर केली होती की जे कापड जाजम-रजईच्या लायकीचं ते आता बायकांच्या पाठीवर चढलं. सगळा राग बायकांवर निघाला. पुरुषांच्या झग्यांबद्दल तेवढा आरडाओरडा झाला नाही, कारण ते घरात घातले जात आणि घालणारे बहुतेक तेच होते जे कायदे करत. हॉलंडनं बंदी घातलीच नाही, म्हणून तिथं चीट जास्त टिकलं. आणि बंदीच्याच काळात युरोपी छापखाने शिकले. १७६० मध्ये ओबेरकांफनं पॅरिसजवळच्या जुई गावात कारखाना काढला. छपाईचे तांब्याचे पत्रे आले. १७८३ मध्ये थॉमस बेलनं नक्षी कोरलेल्या रुळांनी छापण्याचं पेटंट घेतलं. कलमाचं काम आता वेळखाऊ ठरलं.

पुरुषांच्या अंगावरची फुलं मात्र केवळ यंत्रामुळं गेली नाहीत. यंत्रानं फुलं स्वस्त केली, आणि स्वस्त झाली तसा त्यांतला पुरुषी मान गेला. हे माझं मत आहे. पुराव्याचा सगळा भार त्यावर टाकू नये. युरोपात अठराव्या शतकाच्या शेवटापासून पुरुषांनी रंग, भरतकाम, फुलं सोडून काळा-करडा कोट धरला. जे. सी. फ्ल्यूगल या मानसशास्त्रज्ञानं १९३० मध्ये त्याला पुरुषांचा ‘महान त्याग’ असं नाव दिलं. ज्या मोलकरणीच्या अंगावर आता छापील फुलं होती, तिच्या मालकाला त्याच फुलांत बसणं अशक्य झालं. भारतात हेच वेगळ्या वाटेनं घडलं. गोवळकोंडा १६८७ मध्ये पडलं, बऱ्हाणपूरचं महत्त्व ओसरलं, जामा लग्नापुरता उरला. इंग्रजी अमलात कचेरीत जाणारा माणूस बंद गळ्याच्या कोटात गेला, आणि त्यानंतर चळवळीनं पुरुषाला पांढरी खादी दिली. दोन्हींत फुलाला जागा नव्हती. १८६४ च्या चक्रीवादळात मच्छलीपट्टणला समुद्र शहरात घुसला, सुमारे ३०,००० माणसं गेली. १८६९ नंतर बाजारात आलेल्या कृत्रिम अलिझरीननं, म्हणजे कारखान्यात केलेल्या लाल रंगानं, चायची शेती संपवली. १८९७ मध्ये जर्मनीहून कृत्रिम नीळ आली. रंगाऱ्याच्या हातातली प्रत्येक वस्तू अशी एकेक करून दुसऱ्याच्या कारखान्यात गेली.

स्वातंत्र्यानंतर कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकारानं कलमकारी पुन्हा उभी राहिली. श्रीकाळहस्तीला शिक्षणकेंद्र निघालं. तिथल्या जोन्नलगड्ड गुरप्पा चेट्टींना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण श्रीकाळहस्तीची परंपरा मंदिराच्या पडद्यांची, रामायण-महाभारताच्या चित्रांची. मच्छलीपट्टणजवळच्या पेडनची ठशांची. अंगावरच्या जाम्याचं, पटक्याचं कलमकाम या दोन्हींत थेट उतरलं नाही. आज पुरुषांसाठी कलमकारीचा कुर्ता मिळतो तो बहुधा मीटरवर विकलेल्या छापील कापडाचा. फूल खांद्यावर कापलं जातं, बाहीवर उलटं येतं. याला वाईट म्हणायचं कारण नाही, स्वस्त आणि थंड कापड आहे. फक्त त्याला जुन्या जाम्याचा वारस म्हणू नये. बेतून रंगवलेला कपडा करायचा तर शिंपी, चितारी आणि निळीचं कुंड सांभाळणारा यांना एका जागी आणावं लागेल, आणि गिऱ्हाइकाला त्या तिघांचे महिन्याभराचे दाम द्यावे लागतील. काही कारागीर आणि रचनाकार असे प्रयोग करताहेत. करुप्पूरचं कापड पुन्हा विणायचे प्रयत्नही झाले आहेत. त्यांतही साडीच पुढं असते, पागोटं नाही.

अभ्यासाच्या बाजूनं एक काम आपल्या आवाक्यातलं आहे. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत जामदारखाना होता. कपडालत्ता, पोशाख, बक्षिसं यांचा हिशोब तिथं चाले. तंजावर दरबाराचे कागदही मोठ्या संख्येनं मोडीत, मराठीतच आहेत, आणि ते तमिळनाडूत सांभाळून ठेवलेले आहेत. लंडन-टोरंटोच्या संग्रहालयांतल्या तज्ज्ञांना कापड कळतं, त्यांना मोडी येत नाही. आपल्याकडच्या मोडी वाचकांचं लक्ष मोहिमांवर, वतनांवर, वारसांच्या भांडणांवर असतं. कोणाला किती हात कापड दिलं, ते कुठलं आणि काय किमतीचं, ही ओळ ते उलटून पुढं जातात. पोशाखाच्या याद्या सलग वाचून त्यातलं चीट कोणतं, जरीचं कोणतं, पागोट्याचं कोणतं, हे वेगळं काढायला कापड हाताळलेला मोडी वाचक लागेल. असे लोक थोडे असले तरी पुण्यात, तंजावरात ते आहेत.